‘यावे’, ‘येवो’ आणि ‘येता तर’



व्याकरण म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. नियम पाठ करावेत, परीक्षेत उतरवावेत आणि निकाल लागताच विसरून जावेत, एवढाच त्याचा उपयोग, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो किती चुकीचा आहे हे मला अलीकडे एका पत्राने पटवले. ती लहानशी हकीकत प्रथम सांगतो आणि मग विषयाकडे वळतो.

हल्ली घराघरांत दूरध्वनीवरच बोलणे होते. पत्र लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो. म्हणून पत्रलेखनाचा पाठ संपल्यावर मी वर्गात सांगितले, “काल्पनिक पत्रे पुरे झाली. परगावच्या एखाद्या नातलगाला खरेखुरे पत्र लिहा आणि ते टपालात टाका.” एका मुलाची आजी पुण्याला असते. त्या दिवसांत ती आजारी होती. त्याने तिला लिहिले :

“ती. आजीस सा. न. वि. वि. कदाचित मी सुट्टीत पुण्याला येऊ. तू ग्वाल्हेरला ये. तुझी प्रकृती बरी होईल.”

पंधरा दिवसांनी आजीचे उत्तर आले. त्यात होते, “अरे, यायला परवानगी कसली मागतोस? घर तुझेच आहे.” मुलगा गोंधळून माझ्याकडे आला. “गुरुजी, मी परवानगी मागितलीच नव्हती. जमले तर येईन, एवढेच मला सांगायचे होते.”

चूक कोणाची? मुलाचे मन स्वच्छ होते आणि आजीने वाचलेही अचूक. चूक होती एका क्रियापदाच्या रूपात. मनात शक्यता होती, कागदावर उतरली अनुज्ञा. आज आपण याच गोष्टीचा विचार करू. मनातील इच्छा आणि मनातील शक्यता सांगण्यासाठी मराठी क्रियापद कोणकोणती रूपे धारण करते, हा आपल्या पाठाचा विषय.

क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हणजे काय?

‘अर्थ’ हा शब्द येथे पारिभाषिक आहे. ‘येणे’ या धातूचा शब्दकोशातील अर्थ सर्व रूपांत एकच राहतो. परंतु बोलणाऱ्याचा त्या क्रियेकडे पाहण्याचा भाव बदलतो. तो घडलेले सांगतो आहे, आज्ञा करतो आहे, इच्छा करतो आहे, की न घडलेल्या गोष्टीची कल्पना करतो आहे, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. या भावालाच व्याकरणात क्रियापदाचा अर्थ म्हणतात. शालेय व्याकरणात असे चार अर्थ मानले आहेत :

स्वार्थ : आजी येते. आजी आली. आजी येईल.
आज्ञार्थ : आजी, तू ये. देव तिला आयुष्य देवो.
विध्यर्थ : आजीने यावे. आजी यावी.
संकेतार्थ : आजी आली असती, तर किल्ला पाहिला असता.

‘स्वार्थ’ या शब्दाने कोणी दचकू नये. येथे त्याचा आप्पलपोटेपणाशी काही संबंध नाही. क्रियापदाचा स्वतःचा, साधा, जसा आहे तसा अर्थ, एवढेच त्यातून सांगायचे आहे. उरलेले तीन अर्थ मात्र मनाचे आहेत. जगात काय घडले यापेक्षा मनात काय चालले आहे, हे त्यांतून व्यक्त होते.

हा विचार आपल्या भाषेत शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत दोन नावे सर्वांनी लक्षात ठेवावीत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. ‘मराठीचे पाणिनी’ म्हणून त्यांचा गौरव होतो. दुसरे मोरो केशव दामले. कवी केशवसुतांचे हे बंधू. त्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा विस्तृत ग्रंथ १९११ साली प्रसिद्ध झाला. आपल्याला विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की दामले उज्जैनच्या माधव महाविद्यालयात अध्यापक होते, आणि उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानातच होते. मराठीच्या क्रियापदांचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या या पंडिताने आयुष्यातील कित्येक वर्षे आपल्यासारखीच चहूकडून हिंदी ऐकत घालवली.

‘वे’चे कूळ

आता विध्यर्थाकडे वळू. यावे, करावा, वाचावी ही त्याची रूपे. यांत जो ‘व’ आहे, तो कोठून आला? संस्कृतात ‘तव्य’ हा प्रत्यय आहे. ‘मया ग्रन्थः पठितव्यः’ म्हणजे माझ्याकडून ग्रंथ वाचला जाणे योग्य आहे. प्राकृतात या ‘तव्य’चे ‘अव्व’ झाले आणि मराठीत त्याचा ‘आवा’ झाला. ‘कर्तव्य’ हा शब्द आपण नाम म्हणून जसाच्या तसा ठेवला आणि ‘करावा’ हे रूप क्रियापदासाठी घेतले. ‘कर्तव्य’ आणि ‘करावे’ ही एकाच घरातील भावंडे आहेत, हे ध्यानात आले म्हणजे विध्यर्थातून कर्तव्याचा बोध का होतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या कुळाचा आणखी एक वारसा आहे. संस्कृतात ‘मया’ अशी तृतीया होती. म्हणून मराठीतही विध्यर्थाचा कर्ता बहुधा तृतीयेत जातो : ‘मुलाने पाठ वाचावा’, ‘मुलाने कविता वाचावी’, ‘मुलाने पुस्तक वाचावे’. वाचणारा एकच, परंतु क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. हा कर्मणी प्रयोग होय. ‘मुलाने लवकर उठावे’ येथे कर्मच नाही, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. हा भावे प्रयोग.

‘त्याने यावे’ आणि ‘तो यावा’

या ठिकाणी मराठी एक सूक्ष्म भेद करते, तिकडे लक्ष द्या. ‘त्याने यावे’ हेही बरोबर आणि ‘तो यावा’ हेही बरोबर. पण दोन्ही एकच नव्हेत.

‘त्याने यावे’ असे म्हणताना येणे त्याच्या हाती आहे, असे आपण मानतो. येण्याचा निर्णय त्याचा. आपण त्याला सुचवतो, सांगतो, फार तर आग्रह करतो. ‘तो यावा’ असे म्हणताना त्याच्या निर्णयाचा विचार मनात नसतो. त्याचे येणे घडावे अशी ओढ आपल्या मनाला लागलेली असते. पहिल्या वाक्यात भार कर्त्यावर आहे, दुसऱ्यात बोलणाऱ्याच्या हृदयावर. म्हणूनच ‘पाऊस पडावा’ असे आपण म्हणतो. ज्येष्ठाच्या उन्हात तापलेल्या ग्वाल्हेरात ‘पावसाने पडावे’ असे कोणी म्हणाले, तर तो पावसाला हटवादी माणूस समजून समजावतो आहे, असे वाटेल.

एखादी आई म्हणते, “माझा मुलगा चांगला गवई व्हावा.” ही इच्छा आहे. तीच जर म्हणाली, “माझ्या मुलाने चांगला गवई व्हावे,” तर मुलाच्या खांद्यावर एक अपेक्षा ठेवली गेली. पालकांनीही या दोन वाक्यांचा शांतपणे विचार करावा. एका प्रत्ययाने आशीर्वादाचे ओझे होऊ शकते.

‘तू’ या शब्दाबरोबर हाच भेद शेवटच्या ‘स’पूर्वी लपलेला असतो. आजीला ‘तू यावेस’ लिहिले तर ती विनंती होईल, आणि ‘तू यावीस, असे फार वाटते’ लिहिले तर ती ओढ होईल. ‘तू ये’ हा आज्ञार्थ. घरात समोरासमोर तो प्रेमाचा असतो, कारण त्याच्या जोडीला आवाज आणि चेहरा असतो. कागदावर ते दोन्ही नसतात. तेथे त्यांचे काम क्रियापदाच्या रूपानेच करावे लागते.

आपल्या पूर्वजांना हे पुरते ठाऊक होते. जुन्या मराठी पत्राचा शेवट ‘कळावे, लोभ असावा, ही विनंती’ असा होत असे. लग्नपत्रिकेत आजही ‘येण्याचे करावे’ असे छापतात. ‘कळा’ किंवा ‘लोभ ठेवा’ असे कोणी लिहीत नाही. थोरांपुढे आज्ञा चालत नाही. तेथे विध्यर्थच शोभतो.

‘होवो’ : आशीर्वादाचे रूप

इच्छेचे दुसरे रूप ‘ओ’कारान्त आहे : होवो, येवो, करो, मिळो, अनेकवचनी होवोत, मिळोत. व्याकरणात ते आज्ञार्थाच्या तृतीय पुरुषात मोडते. संस्कृतातील ‘करोतु’ प्राकृतात ‘करउ’ झाले आणि मराठीत ‘करो’. परंतु आज्ञा ज्याला करावी, तो तर समोर नाही. मग ही आज्ञा कोणाला? ती दैवाला, देवाला, काळाला. आपल्या सत्तेबाहेरच्या शक्तीला केलेली आज्ञा ही प्रार्थनाच होते.

‘तुझी प्रकृती बरी व्हावी’ आणि ‘तुझी प्रकृती बरी होवो’ यांत म्हणून थोडे अंतर आहे. ‘व्हावी’ म्हणताना आपण मनातील इच्छा सांगतो. त्यापुढे ‘असे वाटते’ हे शब्द सहज येतात. ‘होवो’ म्हणताना आपण इच्छेची माहिती देत नाही. ते उच्चारणे हीच शुभेच्छा असते. ज्ञानेश्वरीच्या अखेरचे पसायदान तुम्हांपैकी अनेकांना मुखोद्गत असेल. या दृष्टीने ते पुन्हा म्हणून पाहा. आरंभी देवाकडे प्रसाद मागताना ज्ञानेश्वरांनी ‘वे’ची रूपे योजली आहेत, पुढे जगासाठी मागणे सुरू होताच ‘ओ’ची रूपे एकामागून एक येतात. मागणे कोणाकडे आणि कोणासाठी, हे रूपांवरूनच उमगते.

आपल्या पत्रलेखकाने मात्र ‘तुझी प्रकृती बरी होईल’ असे लिहिले होते. ते वाक्य शुद्ध आहे. वैद्याने रोग्याला असे म्हणावे. पण नातवाकडून आजीला जे हवे असते, ते हे भाकीत नव्हे.

येथे ग्वाल्हेरच्या मुलांसाठी एक सूचना. हिंदीत ‘करो’ हे रूप ‘तुम’ला उद्देशून असते : ‘तुम काम करो’. मराठीतील ‘देव तुझे भले करो’ यातील ‘करो’ दिसायला तेच, पण नाते निराळे. त्या जागी हिंदी ‘करे’ म्हणते : ‘भगवान भला करे’. दोन्ही भाषा रोज कानावर पडत असल्याने हा घोटाळा सहज होतो.

शक्यतेच्या पायऱ्या

आता शक्यतेकडे येऊ. मुलाने ‘कदाचित मी येऊ’ असे का लिहिले? त्याच्या मनात हिंदी वाक्य होते : ‘शायद मैं आऊँ’. हिंदीचे ‘आऊँ’ दुहेरी काम करते. ‘मैं आऊँ?’ म्हटले की परवानगी, आणि ‘शायद मैं आऊँ’ म्हटले की शक्यता. मराठीत ‘मी येऊ?’ हे केवळ अनुज्ञेसाठी आहे. शक्यता सांगायची तर भविष्यकाळ वापरावा लागतो : ‘कदाचित मी येईन’. मुलाने शब्द मराठी वापरले, पण वाक्य हिंदीच्या साच्यात ओतले.

या साच्यांची एक गंमत पाहा. संस्कृतातील ‘चलति’पासून हिंदीत ‘चले’ आले. आज हिंदीत ‘वह चले’ याचा अर्थ ‘त्याने चालावे’. मराठीत तशाच जुन्या वर्तमानकाळापासून ‘चाले’ हे रूप आले आणि आपण त्याला रीतिभूतकाळ म्हणतो. ‘तो रोज नदीपर्यंत चाले’ म्हणजे चालत असे. एकाच कुळातील रूप एका घरी इच्छा सांगू लागले, दुसऱ्या घरी आठवण. भाषा शेजारी नांदल्या तरी त्यांचे संसार वेगळे असतात.

मराठीत शक्यतेच्या अनेक पायऱ्या आहेत. समजा, तुम्ही दुपारी शाळेतून घरी आलात आणि आजोबांविषयी बोलत आहात.

‘आजोबा घरी असतील.’ हा नुसता अंदाज. या वेळी ते घरी असतात, म्हणून आपण तसे म्हणतो.

‘आजोबा घरी असावेत.’ हा तर्क. दारात त्यांची काठी टेकवलेली दिसली, जोडे दिसले, म्हणून केलेले अनुमान. पुरावा दिसल्यावर मराठी माणसाच्या तोंडी ‘असावेत’ सहज येते.

‘आजोबा घरी असू शकतील.’ ही केवळ संभाव्यता. नसतीलही.

‘आजोबा घरी असायला हवेत.’ ही अपेक्षा. आणि आवाजात किंचित काळजीही. काठी आहे, जोडे आहेत, मग हाकेला ओ का येत नाही?

चार वाक्यांत एकाच माणसाविषयी मनाच्या चार अवस्था आहेत. इतिहास किंवा विज्ञान लिहिताना हा भेद फार मोलाचा ठरतो. ‘हे मंदिर दहाव्या शतकातील आहे’ आणि ‘हे मंदिर दहाव्या शतकातील असावे’ यांत प्रामाणिकपणाचे अंतर आहे. दुसरे वाक्य लिहिणारा आपल्या ज्ञानाची मर्यादा जाणतो. जेथे पुरावा अपुरा असेल तेथे ‘आहे’ न लिहिता ‘असावे’ लिहिण्याची सवय लावून घ्या.

विध्यर्थाचा नकारही ध्यानात ठेवा. ‘जावे’च्या उलट ‘जाऊ नये’. ‘खोटे बोलू नको’ ही एकाला केलेली आज्ञा आहे, तर ‘खोटे बोलू नये’ हा सर्वांसाठी सांगितलेला नियम आहे. ‘होवो’च्या आधी मात्र ‘न’ येतो : ‘असे कधी न होवो’.

संकेतार्थ : न घडलेल्याचे दुःख

राहिला संकेतार्थ. एक गोष्ट घडण्यावर दुसरी अवलंबून असते, आणि बहुधा दोन्ही घडलेल्या नसतात. ‘पाऊस पडला, तर पीक येईल’ यात आशा आहे. दार उघडे आहे. ‘पाऊस पडता, तर पीक येते’ यात दार बंद झाले आहे. पाऊस पडला नाही, पीक आले नाही. येथील ‘येते’ हे वर्तमानकाळाचे नव्हे, हे विसरू नका. आजच्या मराठीत हाच भाव बहुधा ‘पाऊस पडला असता, तर पीक आले असते’ असा सांगतात.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला या अर्थाची विशेष ओळख आहे. महादजी शिंदे १७६१ च्या पानिपतच्या रणातून जखमी होऊन वाचले आणि पुढे त्यांनी उत्तरेत मराठ्यांची सत्ता पुन्हा उभी केली. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे त्यांचे निधन झाले. पुढे १८०३ साली इंग्रजांशी युद्ध झाले आणि त्यात शिंद्यांचा पराभव झाला. त्यानंतरच्या पिढ्यांनी कितीदा तरी म्हटले असेल, “महादजी आणखी दहा वर्षे जगले असते, तर १८०३ चे युद्ध निराळे झाले असते.” हे वाक्य खरे की खोटे, हे सिद्ध करता येत नाही. कारण ते इतिहासाचे नाही, मनाचे आहे. इतिहास स्वार्थात लिहिला जातो आणि हळहळ संकेतार्थात. दोन्हींची गल्लत करू नये. पण हळहळ व्यक्त करणारे रूपच भाषेत नसते, तर माणसाने ती बोलून दाखवावी कशी?

आपल्या दोन भाषा

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली आपली छावणी कायम केली. त्या लष्कराच्या तळाचेच पुढे लष्कर हे नगर झाले. तेव्हापासून येथील मराठी कुटुंबे दोन भाषांत वावरत आली आहेत. बाजारात, महाविद्यालयात, मित्रमंडळींत हिंदी. देवघरात आणि माजघरात मराठी. हिंदी आपल्याला परकी नाही. तिचे लालित्य आपण आपले मानतो आणि तिची निंदा मी येथे मुळीच करीत नाही. माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक भाषेत तिच्याच साच्याने बोलावे. ‘शायद मैं आऊँ’ हे सुंदर हिंदी आहे. ‘कदाचित मी येऊ’ हे हिंदीही नव्हे आणि मराठीही नव्हे.

शब्द हरवला तर तो शब्दकोशात सापडतो. क्रियापदाचे रूप हरवले, तर त्याबरोबर मनाचा एक भाव सांगण्याची सोय हरवते, आणि ती हरवल्याचे आपल्याला समजतही नाही. म्हणून परगावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी ‘यावे’, ‘यावी’, ‘येवो’, ‘असावे’ ही रूपे घरात मुद्दाम बोलावीत.

त्या मुलाने नंतर दुसरे पत्र लिहिले. मी एक अक्षरही सांगितले नाही. त्याने लिहिले :

“ती. आजीस सा. न. वि. वि. जमले तर मी सुट्टीत पुण्याला येईन. तू एकदा ग्वाल्हेरला यावीस, असे आम्हां सर्वांना फार वाटते. तुझी प्रकृती लवकर बरी होवो. कळावे, लोभ असावा.”

आजीला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. ती आली नाही. मुलगा मात्र उन्हाळ्यात पुण्याला गेला. परत आल्यावर त्याने मला सांगितले, की ते दुसरे पत्र आजीने रोजच्या पोथीत, चालू अध्यायाच्या पानाशी खूण म्हणून ठेवले आहे.

स्वाध्याय

१. ‘माझा भाऊ मोठा व्हावा’ आणि ‘माझ्या भावाने मोठे व्हावे’ यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.

२. ‘पाऊस’ हा शब्द घेऊन अंदाज, तर्क, इच्छा, प्रार्थना आणि हळहळ दाखवणारी पाच वाक्ये लिहा.

३. घरातील वडील माणसांच्या बोलण्यातून ‘ओ’कारान्त आशीर्वादाची दहा रूपे ऐकून टिपून ठेवा.

४. परगावच्या एका नातलगाला खरेखुरे पत्र लिहा. त्यात निदान एकदा विध्यर्थ यावा. आणि पत्राला उत्तर येवो.